वाचकांचे प्रश्न : पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची पहिली पुस्तके

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा परिचय करून देणाऱ्या पुस्तकांविषयी आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर पाश्चात्त्य तत्त्वज्ञान पद्धतशीर वाचावे असे ठरवले. एका स्नेह्यांनी बर्ट्रंड रसेल यांचा ‘अ हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी’ हा ग्रंथ दिला. ग्रीकांचा भाग आनंदाने वाचला; मध्ययुगातील पोप आणि सम्राट यांच्या झगड्यांत मात्र अडकलो आहे. ग्रंथ नेटाने पुरा करावा की दुसरे काही हाती घ्यावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ग्रंथ सध्या बाजूला ठेवावा. त्यात आपला कमीपणा काही नाही. रसेल यांचा हेतू आणि आपली गरज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, इतकेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिलाडेल्फियाजवळच्या बार्न्स फाउंडेशनमध्ये रसेल यांनी दिलेल्या व्याख्यानांतून हा ग्रंथ तयार झाला आणि १९४५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तत्त्वज्ञाने आपापल्या काळाच्या राजकीय आणि सामाजिक परिस्थितीशी कशी बांधलेली असतात हे दाखवण्याचा त्यांचा संकल्प होता आणि ग्रंथाच्या उपशीर्षकातही तो नमूद आहे. म्हणूनच पोप आणि सम्राट येतात, म्हणूनच कवी बायरनला स्वतंत्र प्रकरण मिळते, आणि किर्केगार किंवा हायडेगर यांना मात्र मिळत नाही.

दुसरी अडचण अशी की रसेल स्वतः मोठे तत्त्वज्ञ होते आणि मोठा तत्त्वज्ञ आपल्या पूर्वसूरींचा इतिहास लिहू लागला की त्याची आवडनिवड लपत नाही. लायब्निझवर त्यांनी १९०० मध्येच स्वतंत्र पुस्तक लिहिले होते आणि त्याच्यावरचे प्रकरण त्या अभ्यासाचे तेज दाखवते. कांट आणि हेगेल यांच्या वाट्याला पुरेशी सहानुभूती आलेली नाही. नीत्शेवरच्या प्रकरणात तर ते बुद्ध आणि नीत्शे यांना ईश्वरासमोर उभे करून त्यांचा वाद लावतात आणि आपण बुद्धाच्या बाजूचे आहोत हे उघडपणे सांगतात. वाचायला ते प्रकरण रंजक आहे आणि युद्धाच्या त्या वर्षांत ते तसे का लिहिले गेले हेही समजण्यासारखे आहे; परंतु नीत्शेचे म्हणणे काय होते हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याच्या हाती त्यातून फारसे लागत नाही. ज्याने ते तत्त्वज्ञ आधी थोडे वाचले आहेत त्याला हा ग्रंथ अतिशय आनंद देतो, कारण रसेल कोठे अन्याय करीत आहेत हे त्याला ओळखता येते. नवख्या वाचकाला ते कळण्याचा मार्ग नसतो.

आपल्याला मी रसेल यांचेच दुसरे, खूपच लहान पुस्तक सुचवीन : ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’. ते १९१२ चे आहे आणि सामान्य वाचकांसाठीच्या एका ग्रंथमालेकरिता लिहिले गेले. त्याची सुरुवात लेखकासमोरच्या टेबलापासून होते. त्याचा रंग प्रकाशाप्रमाणे बदलतो, आकार बघणाऱ्याच्या जागेप्रमाणे बदलतो; मग खरे टेबल कोणते, आणि ते आहे हे तरी कशावरून? पुढे विगमनावरच्या, म्हणजे आलेल्या अनुभवांवरून सर्वसाधारण नियम काढण्यावरच्या, प्रकरणात एक कोंबडी येते. तिला जन्मभर रोज दाणे टाकणारा माणूस एके दिवशी तिची मान मुरगळतो, आणि आजवर जसे घडले तसेच उद्याही घडेल या आपल्या सर्वांच्या विश्वासाला आधार काय, हा प्रश्न त्या एका वाक्याने वाचकाच्या मनात रुजतो. या पुस्तकात तत्त्वज्ञ येतात ते प्रश्नांच्या ओघात येतात, आणि म्हणून बर्कली किंवा कांट यांचे नाव निघते तेव्हा तो मनुष्य कशाशी झगडत होता हे आपल्याला आधीच कळलेले असते.

परिचयपर पुस्तक निवडताना मी जी कसोटी लावतो ती येथे सांगून टाकतो, कारण पुढच्या उत्तरांतही ती उपयोगी पडेल. पुस्तक नुसती मते सांगते, की ती मते कोणत्या युक्तिवादाने आली आणि त्यांवर कोणी कोणता आक्षेप घेतला हेही सांगते, हे पाहावे. देकार्तचे ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते. मन आणि शरीर ही दोन सर्वस्वी भिन्न द्रव्ये आहेत हे त्याचे मतही प्रत्येक पुस्तकात असते. परंतु बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये त्याला पत्र लिहून, ज्याला लांबीरुंदी नाही असे मन शरीराला हलवते तरी कसे, असे विचारले. त्यावर देकार्तने काय उत्तर दिले आणि त्या उत्तराने तिचे समाधान का झाले नाही, हे जे पुस्तक सांगते ते देकार्त शिकवते. बाकीची पुस्तके त्याची ओळखपत्रे वाटतात. स्वतः देकार्तला हे ठाऊक होते. १६४१ मध्ये ‘मेडिटेशन्स’ प्रसिद्ध करताना त्याने हस्तलिखित आधी टीकाकारांकडे जाऊ दिले आणि त्यांचे आक्षेप व आपली उत्तरे त्याच पुस्तकात छापली. आक्षेपकांत हॉब्ज होता, गासँदी होता.

क्रमवार इतिहासच हवा असेल, तर अँथनी केनी यांचे २००४ ते २००७ या काळात आलेले चार खंड पाहावेत. प्रत्येक खंडाच्या पहिल्या भागात कालक्रमाने तत्त्वज्ञ येतात आणि दुसऱ्या भागात तोच काळ ज्ञान, आत्मा, नीती, ईश्वर अशा विषयांनुसार पुन्हा मांडलेला असतो. आपल्यासारख्या शिस्तीने वाचणाऱ्याला ही रचना सोयीची वाटेल. ग्रीकांचा भाग आपल्याला आवडलाच आहे, तेव्हा अँथनी गॉटलीब यांचे ‘द ड्रीम ऑफ रीझन’ आधी घेतले तरी चालेल; ते पत्रकाराचे गद्य आहे, पण मूळ संहिता वाचून लिहिलेले आहे.

प्रश्न : विल ड्युरांट यांचे ‘द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी’ मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा भारावून गेले. महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी मात्र ते पुस्तक विश्वसनीय नाही असे सांगितले. मी वाचले ते सगळे वाया गेले का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. मात्र प्राध्यापकांचे म्हणणेही सर्वस्वी चुकीचे नाही. ड्युरांट यांची ही प्रकरणे मुळात अमेरिकेतील कॅन्सस राज्यातून निघणाऱ्या ‘लिटल ब्लू बुक्स’ या अत्यंत स्वस्त पुस्तिकांसाठी, कामकरी वर्गातील वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली होती. १९२६ मध्ये ती एका पुस्तकात गोळा झाली आणि त्याच्या प्रचंड खपामुळे ड्युरांट यांना आपला संस्कृतीच्या इतिहासाचा अकरा खंडांचा प्रकल्प हाती घेता आला. तत्त्वज्ञाचे आयुष्य, त्याचा स्वभाव, त्याचे शहर यांतून त्याच्या विचाराकडे नेण्याची त्यांची हातोटी आजही फार थोड्यांना साधते. स्पिनोझावरचे प्रकरण मी स्वतः अनेकांना आवर्जून वाचायला देतो. ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केलेला, भिंगे घासून पोट भरणारा आणि हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापकपद नाकारणारा हा माणूस ड्युरांट यांच्या लेखणीतून जिवंत उभा राहतो.

उणीव आहे ती जे गाळले आहे त्यात. ॲरिस्टॉटलनंतर पुस्तक जवळजवळ थेट फ्रान्सिस बेकनपाशी पोचते. ऑगस्टिन आणि थॉमस अक्वायनस यांची शतके मधल्या मध्ये निघून जातात. देकार्तला स्वतंत्र प्रकरण नाही. लॉक, बर्कली आणि ह्यूम हे तिघे कांटच्या प्रकरणाची प्रस्तावना म्हणून काही पानांत आटोपतात, आणि हर्बर्ट स्पेन्सरला मात्र एक अख्खे प्रकरण मिळते. १९२६ मध्ये स्पेन्सरचे नाव अजून मोठे होते. आज तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमांत ते क्वचितच येते. म्हणजे ड्युरांट वाचून ज्ञानमीमांसेत, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे आणि ते कसे मिळते या विचारात, एक मोठे भगदाड राहते, आणि आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा कणा नेमका तेथेच आहे. हे भगदाड भरण्यासाठी ब्रायन मॅगी यांचे ‘द ग्रेट फिलॉसॉफर्स’ सुचवतो. बीबीसीवर १९८७ मध्ये झालेल्या मुलाखतींचे हे पुस्तक आहे. त्या त्या तत्त्वज्ञाचा जाणकार समोर बसवून मॅगी त्याला सामान्य माणसाचे प्रश्न विचारतात आणि उत्तर धूसर वाटले की पुन्हा विचारतात. जेफ्री वॉर्नॉक यांच्याशी कांटवर झालेला संवाद वाचताना ड्युरांट यांच्या शैलीचा आस्वाद मिळणार नाही, पण युक्तिवादाचा सांधा कोठे आहे ते दिसेल.

मध्ययुगासाठी फ्रेडरिक कॉपल्स्टन यांच्या इतिहासाचे दुसरे आणि तिसरे खंड आहेत. लेखक जेझुइट धर्मगुरू होते आणि त्यांचे मूळ नऊ खंड कॅथलिक विद्यार्थ्यांना नजरेसमोर ठेवून लिहिलेले आहेत. शैली कोरडी, पण न पटणाऱ्या तत्त्वज्ञाचे म्हणणेही ते पूर्ण मांडतात. ते संदर्भासाठी ठेवावेत, सलग वाचू नयेत.

प्रश्न : मी तत्त्वज्ञान विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे. आमचे एक शिक्षक म्हणतात की परिचयपर पुस्तके वाचणे ही पळवाट आहे, कांट कांटकडूनच शिकावा. ‘क्रिटीक ऑफ प्युअर रीझन’ तीन वेळा उघडले आणि तीन वेळा मिटले. मी काय करावे?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या शिक्षकांचा आग्रह चांगल्या हेतूचा आहे. परंतु कांट कांटकडूनच शिकायचा, तर खुद्द कांटने त्यासाठी परिचयपर पुस्तक लिहून ठेवले आहे. ‘क्रिटीक’ १७८१ मध्ये आले तेव्हा ते कोणाला नीट कळले नाही. १७८२ मध्ये गटिंगेनच्या नियतकालिकात जे परीक्षण आले त्यात कांटला, मनाबाहेर जड वस्तू नाहीतच असे म्हणणाऱ्या बर्कलीच्या पंक्तीला बसवले होते आणि त्याचा कांटला संताप आला. १७८३ मध्ये त्याने ‘प्रोलेगोमेना’ हे लहान पुस्तक लिहिले, त्याच्या परिशिष्टात त्या परीक्षणाचा समाचार घेतला, आणि मोठ्या ग्रंथात ज्या क्रमाने विचार बांधला होता त्याच्या उलट क्रमाने तो उलगडून दाखवला : गणित आणि निसर्गविज्ञान आपल्याजवळ आहेतच, तर ती शक्य कशी होतात?

ह्यूमची कथा याहून बोलकी आहे. त्याचा ‘ट्रीटिज ऑफ ह्यूमन नेचर’ १७३९ आणि १७४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्याच शब्दांत सांगायचे तर छापखान्यातूनच मृतावस्थेत बाहेर पडला. तेव्हा त्याने स्वतःच्याच ग्रंथाचा सारांश सांगणारी एक पुस्तिका निनावी छापली. ती ह्यूमचीच आहे हे केन्स आणि स्राफा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. पुढे १७४८ मध्ये त्याने तोच विचार ‘एन्क्वायरी’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या छोट्या पुस्तकात नव्याने मांडला. दोघा तत्त्वज्ञांना जर आपल्या विचारांची सोपी वाट स्वतः बांधावीशी वाटली, तर विद्यार्थ्याने त्या वाटेने जाण्यात पळवाट कसली?

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी ‘एन्क्वायरी’चे चौथे, पाचवे आणि सातवे प्रकरण. एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा चालू लागतो. डोळ्यांना एकामागून एक घडलेल्या दोन घटना दिसतात, त्यांना जोडणारी अनिवार्यता दिसत नाही, मग कार्यकारणभावाची कल्पना आली कोठून? या प्रश्नाने झोप उडाली नाही तर कांट वाचून उपयोग नाही. ह्यूमने आपल्याला मताग्रहाच्या झोपेतून जागे केले असे त्याने ‘प्रोलेगोमेना’त स्वतःच लिहिले आहे. त्यानंतर रॉजर स्क्रूटन यांचे कांटवरचे छोटे पुस्तक घ्यावे. ऑक्सफर्डच्या ‘व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन’ मालेत ते आता मिळते. मग ‘प्रोलेगोमेना’ आणि शेवटी ‘क्रिटीक’ची दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना आणि उपोद्घात. एवढे झाले की चौथ्यांदा उघडलेले पुस्तक इतक्या लवकर मिटावेसे वाटणार नाही.

इंग्रजीची जुनी, लांबलचक वाक्यरचना अडसर ठरत असेल, तर जोनाथन बेनेट यांनी देकार्त, लॉक, ह्यूम, कांट यांच्या ग्रंथांची आजच्या सोप्या इंग्रजीत करून ठेवलेली रूपे इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. कठीण जागी त्यांची छोटी टिपणेही आहेत. परीक्षेत उद्धृत मात्र मूळ संहिताच करावी.

प्रत्येक तत्त्वज्ञाला वाटाड्या लागतोच असेही नाही. प्लेटोचे संवाद, देकार्तची ‘मेडिटेशन्स’, मिलचे ‘ऑन लिबर्टी’ ही पुस्तके सरळ उघडावीत. ॲरिस्टॉटलचे तसे नाही. त्याने लोकांसाठी लिहिलेले संवाद जवळजवळ सगळे नष्ट झाले आणि उरली ती बहुतांशी व्याख्यानांची टिपणे. त्यांत जोडणारी वाक्ये शोधत बसण्यापेक्षा जोनाथन बार्न्स यांचे लहान पुस्तक आधी वाचावे. स्पिनोझाच्या ‘एथिक्स’मधील व्याख्या, स्वयंसिद्धे आणि सिद्धान्त यांच्या भूमितीने दबून जाण्याचे कारण नाही; पहिल्या भागाच्या शेवटी जोडलेले परिशिष्ट सर्वप्रथम वाचावे, कारण सृष्टी माणसाच्या सोयीसाठी निर्माण झाली या समजुतीवर तो तेथे सरळ, धारदार गद्यात तुटून पडतो. हेगेलसाठी पीटर सिंगर. ते इतिहासाच्या तत्त्वज्ञानापासून सुरुवात करतात आणि ‘फेनोमेनॉलॉजी’कडे नंतर वळतात, हे त्या पुस्तकाचे मोठे शहाणपण आहे.

प्रश्न : इंग्रजी वाचन सावकाश होते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावर मराठीत आधार घेण्यासारखे काही आहे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आहे, आणि ते विस्मृतीत जावे असे नाही. ग. ना. जोशी यांचा ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ तीन खंडांत आहे. नीतिशास्त्रापुरते पाहायचे तर मे. पुं. रेगे यांचा ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’ वाचावा. रेगे यांच्या मराठी गद्याविषयी मला विशेष आदर आहे. वाक्य कितीही लांबले तरी युक्तिवादाची पायरी त्यात निसटत नाही आणि इंग्रजी वाक्य मनात ठेवून मराठी लिहिल्याचा वास येत नाही. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ शेजारी असावा. हे ग्रंथ मोठ्या, जुन्या ग्रंथालयांत शोधावे लागतात. ‘मराठी विश्वकोशा’तील तत्त्वज्ञांवरच्या नोंदी मात्र घरबसल्या, विनामूल्य वाचता येतात, आणि पहिल्या वाचनासाठी त्या पुष्कळ इंग्रजी पुस्तिकांपेक्षा सकस आहेत.

आणखी एक ग्रंथ सुचवतो, तो परिचयपर नाही. टिळकांच्या १९१५ मधील ‘गीतारहस्या’त मिल, स्पेन्सर, कांट आणि इंग्रज तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन यांच्याशी ठिकठिकाणी वाद घातलेला आहे. ग्रीन कोण होता हे टिळकांकडून शिकू नये, कारण ते त्याला आपल्या प्रतिपादनाच्या सोयीने बोलावतात. पण सुखवादावरचा युक्तिवाद मराठीत पूर्ण ताकदीने कसा मांडता येतो हे त्यात दिसते. मिल आणि स्पेन्सर यांचेच ग्रंथ वाचून आगरकर सामाजिक सुधारणेच्या अगदी वेगळ्या निष्कर्षांना पोचले होते. ‘सुधारक’मधील त्यांचे निबंध ‘गीतारहस्या’नंतर लगेच वाचावेत, मिलची दोन टोकांची वाचने मराठीत शेजारी शेजारी सापडतात.

प्रश्न : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेतला आहे. एकच पुस्तक सुचवा.
— एक उमेदवार, पुणे

उत्तर : एका पुस्तकात तो अभ्यासक्रम बसत नाही. पहिल्या पत्रिकेचा पाश्चात्त्य भाग प्लेटोपासून क्वाइन आणि स्ट्रॉसन यांच्यापर्यंत जातो. उमेदवारांत लोकप्रिय असलेला फ्रँक थिली यांचा इतिहास मुळात १९१४ चा आहे. नंतर तो सुधारला गेला असला तरी विट्गेन्स्टाइन आणि तार्किक प्रत्यक्षार्थवाद यांच्यासाठी वेगळे वाचन करावेच लागेल. कांटपर्यंत थिली किंवा या. मसीह, आणि पुढच्या भागासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान कोशातील नोंदी, अशी विभागणी करावी. टिपणे काढताना प्रत्येक मतासमोर किमान एक आक्षेप लिहून ठेवावा. प्रश्न बहुधा तेथूनच येतात.

प्रश्न : आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. ‘आपण मेल्यावर काय उरते’, ‘बरोबर-चूक कोण ठरवते’ असे प्रश्न ती सतत विचारते. तिला काय द्यावे?
— एक पालक, इंदूर

उत्तर : योस्टाइन गार्डर यांची ‘सोफीज वर्ल्ड’ ही १९९१ ची नॉर्वेजियन कादंबरी या वयासाठी सर्वत्र सुचवली जाते, आणि तिची सोफीही पंधराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर आहे. ‘तू कोण आहेस?’ आणि ‘जग कोठून आले?’ अशा एकेका ओळीच्या दोन पत्रांनी होणारी सुरुवात मुलांना ओढून घेते. पुढे मात्र लांबच लांब पाठ येतात आणि सोफीच्या वाट्याला बहुधा मान डोलावणे उरते. मुलगी मध्येच कंटाळली तर तिला दोष देऊ नये.

तिचे प्रश्न ज्या स्वरूपाचे आहेत ते पाहता टॉमस नेगल यांचे ‘व्हॉट डझ इट ऑल मीन?’ हे १९८७ चे शंभरेक पानांचे पुस्तक तिला अधिक जवळचे वाटेल. त्यात तत्त्वज्ञांची नावे जवळजवळ नाहीतच. मृत्यू, इच्छास्वातंत्र्य, न्याय-अन्याय, दुसऱ्याच्या मनात काय चालते हे आपल्याला कसे कळते, असे नऊ प्रश्न आहेत. नेगल प्रत्येकाच्या दोन्ही बाजू मांडतात आणि उत्तर वाचकावर सोडतात.

आणि प्लेटोचा ‘युथिफ्रो’ घरात मोठ्याने वाचावा. पात्रे दोनच आहेत आणि संवाद एका बैठकीत संपतो. युथिफ्रो स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला निघाला आहे आणि आपण करतो ते पुण्याचे आहे याची त्याला तिळमात्र शंका नाही; सॉक्रेटिस त्याला विचारतो की देवांना आवडते म्हणून एखादी गोष्ट पुण्याची ठरते, की ती पुण्याची असते म्हणून देवांना आवडते? ‘बरोबर-चूक कोण ठरवते’ हा आपल्या मुलीचा प्रश्न जवळपास हाच आहे. सॉक्रेटिसची वाक्ये तिला द्यावीत आणि युथिफ्रोची आपण घ्यावीत.